दिलं, घेतलं नाही

ऑकलंडजवळच्या पुकेकोहेच्या लाल मातीतला कांदा जानेवारीच्या उन्हात निघतो आणि पार थंडी पडेपर्यंत पॅकहाऊसमध्ये येत राहतो. तोवर सरिताच्या कमरेला सुट्टी नाही. शेडमध्ये लांबलचक रबरी पट्टा फिरतो, त्यावरून कांदा घरंगळत येतो, आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका नासका, फुटका, कोंब आलेला कांदा उचलून बाजूला टाकतात. सांगायला गेलं तर काम एवढंच. पण कांदा येतो त्या बाजूला मान वळवून दिवसभर उभं राहायचं, आणि ती बाजू कधी बदलत नाही. घरी गेल्यावर पाठीचा एकच पट्टा ठणकत राहतो. शेजारी उभी राहणारी लोसे नावाची टोंगा बेटांवरची बाई म्हणायची, माझ्या आईची हीच बाजू गेली, याच शेडमध्ये. वर सालपटांची धूळ. नाक शिंकरलं की रुमाल तपकिरी व्हायचा.

सरिता मेहकरची. लग्नाआधी आणि नंतरही ती तिथल्या पतसंस्थेत कारकून होती, पंख्याखाली बसून काम करायची. लहू वाळूजच्या कारखान्यात वेल्डर होता. त्याच्या हातातल्या कसबावर व्हिसा मिळाला आणि हे बिऱ्हाड लेकीसकट ऑकलंडच्या मनुरेवात येऊन पडलं. लहू ईस्ट टामाकीत लोखंडी सांगाडे जोडायला लागला, आणि सरिता, जिला सगळे म्हणाले होते की तिकडे बँकेत सहज लागशील, ती कांद्याच्या पट्ट्यावर लागली. यंदा मात्र दोन्हीकडून वाट लागली. लहूच्या कारखान्याने माणसांना आठवड्यातले निम्मेच दिवस बोलवायला सुरुवात केली, त्याचा उजवा खांदा वर जाईना, आणि शेड तर दर थंडीत बंद पडायचीच.

"मी शिकणार आहे," सरिता एका संध्याकाळी जेवताना म्हणाली. "आयटीचा डिप्लोमा. पॉलिटेक्निकला."

लहूने घास हातातच धरला. "काहून? आता रिया कॉलेजात जायची, अन् तू कुठे निघालीस?"

"मला बसून करायचं काम पाहिजे. पाठ आहे तोवर."

"सेहेचाळीस वर्षांची झालीस बाप्पा."

"म्हणून तर. आणखी उशीर करून कसं चालेल?"

रिया मोबाईलवरून नजर न उचलता म्हणाली, "इट्स फाइन, मम. हीप्स ऑफ ओल्ड पीपल डू इट."

त्यातलं 'ओल्ड पीपल' तेवढं सरिताने सोडून दिलं आणि बाकीचं पदरात बांधून घेतलं.

हिल्सबरोच्या हॉलमध्ये चौदा एप्रिलची जयंती झाली. ऑकलंडमधली आपली सगळी माणसं जमली होती. वंदना झाली, पोरांनी इंग्रजीतून भाषणं केली, मग रमण बोलायला उभा राहिला. रमण म्हणजे सॉफ्टवेअरमधला मोठा माणूस, स्वतःचं घर, दोन गाड्या. शिक्षणावर त्याने असं काही भाषण ठोकलं की मागच्या रांगेत डुलक्या काढणाऱ्या म्हाताऱ्यांनीही टाळ्या पिटल्या. सरितानेही जोरात वाजवल्या. नंतर जेवणाच्या रांगेत तोच रमण तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"काय वहिनी, ऐकलं ते खरं का? कोडिंग?"

"हो भाऊजी. सुरू झालंय."

"अहो, आता? आता सगळं एआय लिहितंय. आमच्याकडे पंचविशीतली पोरं घरी बसवतायत. तुम्ही त्यापेक्षा डेटा एन्ट्रीचा छोटासा कोर्स करा ना. झेपेल असं काहीतरी."

त्याची बायको मृदुला त्याला कोपराने ढोसत म्हणाली, "अहो, भाजी घ्या. रांग थांबलीय."

"सगळं एआय लिहितं," सरिता म्हणाली, "तर भाऊजी, तुम्ही दिवसभर ऑफिसात काय करता?"

रांग हसली. रमणही हसला, पण जरा उशिराने. सरिताने ताट घेतलं. आत्ताच तर हा माणूस माईकवरून सगळ्यांना शिका म्हणत होता. सगळ्यांना म्हणजे नेमकं कोणाला, हे तेव्हाच सांगितलं असतं तर तिने टाळ्या वाचवल्या असत्या.

वर्गात पोरं रियापेक्षा जेमतेम मोठी. सरिता वर्ग नसलेल्या दिवशी आणि शनिवारी शेडवर जायची आणि बाकीचे दिवस वर्गात बसायची, त्यामुळे कांदा तिच्याबरोबर वर्गात यायचा. साबण झाला, लिंबू झालं, तरी बोटांच्या पेरांतून वास जाईना. तिच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असायची. कोणी तोंडावर काही बोलायचं नाही, 'किया ओरा' असा इथला नमस्कार करून गोड हसायची पोरं, आणि मग पलीकडे जाऊन बसायची. शिकवायला मारामा नावाची माओरी बाई होती, सरिताच्याच वयाची, हनुवटीवर निळं गोंदण, आवाज खणखणीत. ती भरभर शिकवायची. पहिले काही आठवडे सरिताला निम्मं डोक्यावरून गेलं. संगणक तिला सारखा चुका दाखवायचा, लाल अक्षरात. पतसंस्थेत मॅनेजर बोलायचा तेव्हा निदान थोडा वेळ थांबायचा तरी. हा थांबायचाच नाही. पण ती हटली नाही. एकेक लाल ओळ ती कांद्यासारखी उचलून बाजूला टाकत गेली, आणि मे उजाडेपर्यंत तिला त्यात गोडी लागली. आपण सांगितलेलं यंत्र ऐकतं, याची गंमत वाटायला लागली.

शेजारच्या खुर्चीवर बसायचा तो एकटा अनिरुद्ध. पुण्याचा, मेकॅनिकल इंजिनियर, तिशीच्या आतला, शिक्षणाच्या व्हिसावर आलेला. तो आणि त्याची बायको केतकी सरिताच्याच ड्राइव्हवेच्या टोकाला मागच्या छोट्या युनिटमध्ये राहायचे. केतकी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवायची-बसवायची, अनिरुद्ध पेट्रोल पंपावर उभा राहायचा आणि वर्गात पेंगायचा. सकाळी तो गाडीने जायचा, तेव्हा सरिताला बरोबर घ्यायचा.

"पेट्रोलचे घे रे," ती म्हणायची.

"काय काकू! तुमच्या पोळ्या खातो त्याचे तुम्ही घेता का?"

इथेच सगळं अडलं. सरिताच्या घरी, तिच्या आईच्या आणि सासूच्याही घरी, शेजारून आलेला डबा कधी रिकामा परत गेला नव्हता. काही नसेल तर मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, पण डबा भरून जायचा. केतकीने शिरा पाठवला की सरिता थालीपीठं पाठवायची, ते फिटायचं. गाडीचं मात्र फिटत नव्हतं. रोज सकाळी ती त्या सीटवर बसायची आणि तिला वाटायचं, आपण या पोराचं देणं लागतो.

आणि नेमकं मेमध्ये मारामाने असाइनमेंट दिली: एखाद्या खऱ्या कामाच्या जागी माणसांच्या पाळ्या लावून देणारा छोटा प्रोग्रॅम करा. बाकीच्यांनी जिम घेतली, दुकानं घेतली. सरिताने शेड घेतली. पट्ट्यावर कोण कुठे उभं राहणार, किती वेळाने बाजू बदलणार, म्हणजे कोणाच्याही पाठीची एकच बाजू जाणार नाही. हे काही तिला पुस्तकातून सुचलं नव्हतं. रोज संध्याकाळी तिला ते पाठीत सुचायचं.

एका पावसाळी सकाळी पॉलिटेक्निकच्या पार्किंगमध्ये अनिरुद्धने गाडी बंद केली, पण उतरला नाही. त्याचे डोळे लाल झाले होते.

"काकू, माझं काहीच झालेलं नाही. पंपावर एक माणूस सोडून गेला, त्याच्या शिफ्ट माझ्याच गळ्यात. तुमचं जरा बघायला द्याल? फक्त आयडिया घ्यायला."

"माझं अजून पूर्ण झालं नाही रे. चुका आहेत त्यात."

"असू देत ना. बघतो फक्त."

तिने तिथेच, गाडीत बसल्या बसल्या, सगळंच्या सगळं त्याला पेनड्राइव्हवर देऊन टाकलं. अर्धं द्यावं, नुसतं दाखवावं, असं तिच्या मनातही आलं नाही. द्यायचं म्हटल्यावर डबा अर्धा भरायची रीत नव्हती. उलट तिला हलकं वाटलं. चला, गाडीचं थोडं तरी फिटलं.

अनिरुद्धने ते नुसतं बघितलं नाही. पट्ट्याचा कॅफे केला, बायकांची नावं बदलून वेटरची घातली, आणि पुढे शिफ्ट होत्या म्हणून मुदतीच्या बरंच आधी देऊन टाकलं. सरिता शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या प्रोग्रॅममधल्या चुका उपसत बसली होती. तिने सगळ्यात शेवटी दिलं.

आठवड्याने मारामाने तिला वर्ग सुटल्यावर थांबवलं. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. तुझा आणि अनिरुद्धचा प्रोग्रॅम एकच आहे, ती म्हणाली. नुसता सारखा नाही, त्यातली चूकसुद्धा तीच, त्याच जागी. त्याचा आधी आलाय. सोमवारी विभागप्रमुखांसमोर बसावं लागेल, तेव्हा काय ते सांग. मग ती मायेने म्हणाली, "हे बघ, इतक्या वर्षांनी परत शिकणं अवघड असतं, मला माहीत आहे. लोक घाबरतात आणि असं करून बसतात."

सरिताच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. मारामाने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने तोंड उघडलं, पण इंग्रजी वेळेवर आलं नाही, आणि मारामा दुसऱ्या वर्गावर निघून गेली. त्या दिवशी अनिरुद्ध तिला न घेताच घरी गेला होता. ती बस आणि ट्रेन बदलत, भिजत मनुरेवाला पोचली.

रविवारी दुपारी अनिरुद्ध आणि केतकी आले. केतकीच्या हातात गाजर हलव्याचा डबा. अनिरुद्ध सोफ्याच्या कडेला बसला आणि जमिनीकडे बघत राहिला. बोलली ती केतकी.

"काकू, त्याचं चुकलं. खूप चुकलं. पण त्याला मागच्या टर्मला एकदा वॉर्निंग मिळालीय. आता दुसऱ्यांदा झालं की कोर्समधून काढतात. कोर्स गेला की व्हिसा गेला. तुमची पहिलीच वेळ आहे. तुम्ही फक्त म्हणायचं की मी त्याचं बघून केलं. तुम्हाला शून्य मिळेल, बास. तो पेपर, म्हणजे तो एक विषय, पुढच्या टर्मला परत करता येतो. तुम्हाला व्हिसाचं टेन्शन नाही."

"म्हणजे मी चोरलं म्हणायचं," सरिता म्हणाली.

"चोरलं नाही हो काकू, बघून केलं."

"आणि त्याने काय म्हणायचं?"

"तो काहीच म्हणणार नाही," केतकी म्हणाली.

अनिरुद्धने मान वर केली. "काकू, प्लीज. मी आयुष्यभर विसरणार नाही."

ते गेल्यावर लहू बराच वेळ खांद्याला मलम चोळत बसला. मग म्हणाला, "म्हणून टाक. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. शून्य तर तुला तसंही मिळणार, तू दिलंस म्हणून. मग तुझं काय जातं?"

"त्यांना पटेल?"

"न पटायला काय झालं? एकीकडे तरणा इंजिनियर, अन् एकीकडे कांदे निवडणारी बाई. कोणालाही पटेल."

तो वाईट मनाने बोलला नव्हता. जे आहे ते बोलला होता, आणि म्हणूनच ते सरिताला सुरीसारखं लागलं. सगळ्यांचं यावर एकमत होतं. मारामाचं, केतकीचं, रमणला विचारलं असतं तर त्याचंही. आणि घरातल्या माणसाचंही! तिने चोरलं म्हटलं की जगातल्या एकाही माणसाला धक्का बसणार नव्हता. इतके महिने ती लाल अक्षरांशी झुंजली होती ते जणू झालंच नव्हतं. या पोराने प्रोग्रॅम नेला त्याचं तिला तेवढं वाटलं नाही. पण आता ती जे शिकली तेच तिच्याकडून काढून घ्यायचं चाललं होतं, आणि वर ते तिने स्वतःच्या हाताने काढून द्यायचं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. हलवा दुसऱ्या भांड्यात काढला, डबा घासला, पुसला. मग भाजणी भिजवली, कांदा चिरून घातला आणि थालीपीठं लावली. भोकात बेताने तेल सोडलं, एकही करपू दिलं नाही. डबा भरून ती ड्राइव्हवेच्या टोकाला गेली. पाऊस भुरभुरत होता, पायात रबरी चपला होत्या, टाचा गार पडल्या.

दार केतकीने उघडलं. डबा बघून तिचा चेहरा उजळला.

"घे," सरिता म्हणाली. "गरम आहेत. आणि ते मी म्हणणार नाही."

"काकू..."

"मी दिलं. ते मी म्हणेन. द्यायला नको होतं, त्याची जी काय शिक्षा असेल ती मी भोगेन. पण घेतलं असं मी म्हणणार नाही. तुझ्या नवऱ्यासाठी नाही आणि माझ्या नवऱ्यासाठीही नाही."

"मग आम्ही काय करायचं?"

"खरं बोला. तेवढं तरी माझ्याबरोबर करा."

केतकी डबा हातात धरून रडायला लागली. सरिताचेही डोळे भरून आले. वाटलं, आत जावं, पोरीला जवळ घ्यावं आणि जाऊ दे म्हणावं. क्षणभर ती त्या दारात डगमगलीच. मग वळली आणि चालायला लागली.

सोमवारी ती ट्रेन आणि बसने गेली. बूट भिजून आतले मोजे चिकटले होते. खोलीत विभागप्रमुख होते, पिकलेल्या दाढीचे, अतिशय सभ्य. मारामा होती. अनिरुद्ध इस्त्रीचा शर्ट घालून आधीच येऊन बसला होता.

प्रमुखांनी तिला विचारलं, काय झालं ते सांगा.

सरिताने वाक्य ट्रेनमध्ये घोटून ठेवलं होतं. "मी माझं काम त्याला दिलं. मी त्याचं घेतलं नाही."

प्रमुखांनी अनिरुद्धकडे बघितलं. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "आम्ही... आम्ही डिस्कस केलं होतं." एवढंच. ना हो, ना नाही.

प्रमुख सौम्यपणे म्हणाले, त्याचं काम आधी आलंय. तुमचं बरंच नंतर. तुम्ही म्हणता ते खरं मानायला आमच्याकडे काय आहे?

"माझ्याकडे काही नाही," सरिता म्हणाली. "पण मी खरं बोलते आहे. तुम्हाला पटलं नाही तरी मी हेच बोलणार."

मारामाने दोन्ही प्रोग्रॅम भिंतीवरच्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले. बघ, ती म्हणाली, इथे तुमची दोघांची तीच चूक. सुट्टीची वेळ झाली की प्रोग्रॅम सगळ्यांची नावं एकदम पुसून टाकतो, आणि मग कोण कुठे उभं होतं हे विसरतो.

सरिता पडद्याकडे बघत राहिली. डावीकडे तिची शेड. उजवीकडे कॅफे. कॅफे तिने आजच पहिल्यांदा बघितला. सुट्टी झाली आणि कॅफेतले सगळे वेटर, सगळे आचारी, गल्ल्यावरचा माणूससुद्धा एकदम गायब झाले.

तिला हसू फुटलं. भलत्या जागी, भलत्या वेळी, पण आवरेना.

"काय झालं?" मारामाने विचारलं.

सरिता उठली आणि पडद्यापाशी गेली. तिचं इंग्रजी अडखळत होतं, तिने त्याची पर्वा केली नाही. "आमच्या शेडमध्ये सुट्टी झाली की पट्टा बंद करतात. पट्टा थांबला की सगळ्या बायका एकदम जातात. एकही मागे राहत नाही. म्हणून मी सगळी नावं एकदम पुसली. चूकच केली, कारण परत आल्यावर कोण कुठे होतं ते राहिलं पाहिजे." मग तिने ओल्या बुटांनी दोन पावलं टाकली आणि उजवीकडे बोट ठेवलं. "पण कॅफेत सगळे एकदम सुट्टीवर कसे जातील? गिऱ्हाईक दारात उभं, कॉफी कोण देणार? कॅफेचा विचार करणारा माणूस ही चूक करूच शकत नाही. ही शेडमधली चूक आहे. ती माझ्याकडून तिकडे गेली."

प्रमुख चष्मा काढून पडद्याजवळ आले. मारामाने दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं. मग ती सरिताकडे वळली, आणि तिच्या गालांवर लाली चढली.

"मी तुला चुकीचं बोलले," ती म्हणाली. "मी तुझी माफी मागते."

अनिरुद्धने दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं. "हो," तो म्हणाला. "काकूंचंच आहे."

बाहेर थांबायला सांगितलं, परत आत बोलावलं, निर्णय सांगितला. सरिताने काम दुसऱ्याला दिलं, नियमात तेही बसत नाही. तिला पेपरात शून्य, पुढच्या टर्मला तो पेपर परत. अनिरुद्धने शेवटी कबूल केलं म्हणून कायमचं काढलं नाही. पण ही टर्म गेली, आणि व्हिसाचं त्याचं त्याने वकिलाकडे जाऊन बघायचं.

कॉरिडॉरमध्ये तो खिडकीपाशी उभा होता. इस्त्रीच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"नाही," सरिता म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. "तू परत येशील तेव्हा माझ्याकडे ये. मी तुला पहिल्यापासून शिकवीन. देणार नाही, पण शिकवीन."

"तुमच्याकडून?" त्याने तोंड वाकडं केलं आणि जिना उतरून गेला. ती खालच्या दाराचा आवाज येईपर्यंत उभी राहिली. तो तिच्याकडे कधी येणार नाही हे तिला तेव्हाच कळलं. मग दुपारच्या वर्गाची वेळ झाली होती, म्हणून ती वर्गात गेली आणि बसली.

संध्याकाळी लहू दारातच उभा होता. कारखान्याच्या कपड्यांवर जळक्या लोखंडाचा वास, चेहऱ्यावर काळजी.

"काय झालं?"

"शून्य."

"अन् तो?"

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, कॅफे, गिऱ्हाईक, मारामाची माफी. रिया आतून येऊन दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. "वेट, यू गॉट अ झीरो अँड शी सॉरीड यू? मम, दॅट्स सो कूल," ती म्हणाली.

लहू मात्र खुर्चीत बसला आणि खांदा चोळायला लागला. "पोराचं वाटोळं झालं," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "पण तुझं नशीब. ती चूक ऐन वेळी सापडली म्हणून. नाहीतर कोणाला पटलं असतं?"

सरिता ओल्या बुटांची नाडी सोडत होती. तिने हात थांबवला आणि मान वर करून नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं.

"चूक नंतर सापडली," ती म्हणाली. "मी बोलले ते आधी. तेव्हा माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि त्यांना पटणार नाही हे मला दिसत होतं. घरातल्या माणसाला पटलं नव्हतं, ते तर परके. तरी मी बोलले. पुढच्या वेळी काही सापडलं नाही, तरी बोलणार आहे."

लहूला काहीतरी बोलायचं होतं, पण सरिताने त्याची वाट बघितली नाही. तिने बूट उपडे करून हीटरपाशी ठेवले, कारण उद्या सकाळी पुन्हा वर्ग होता.